भूगर्भाचा सावध हिशेबनीस : दाराशॉ वाडिया

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की कोराडी येते. जगदंबेच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाच्या नजरेत देवळाच्या कळसाआधी भरतात ती औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी. या केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला आणि पुढे ६६० मेगावॉटचे तीन प्रचंड संच येथे उभे राहिले. त्यांच्या भट्ट्यांत जळणारा कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातील वनस्पतींचा आहे. परंतु भट्टीपर्यंत पोहोचण्याआधी या कोळशाने आणखी एक प्रवास केलेला असतो, आणि तो असतो कागदावरचा. भूवैज्ञानिकाच्या वहीत तो प्रथम अनुमानित असतो. काही छिद्रे घेतली की तो निर्देशित होतो. छिद्रे जवळजवळ घेऊन थर सर्वत्र हाती लागला, की मग तो सिद्ध ठरतो. असावा आणि आहे या दोन शब्दांमध्ये कित्येक वर्षांचे श्रम आणि कोट्यवधी रुपये खर्ची पडतात. हा फरक विसरून जो कारखाना उभारतो, त्याच्या धुराड्यातून धूर निघेलच, याची शाश्वती नसते.

कोराडीपासून काही मैलांवर असलेल्या नागपूर शहरात हा फरक जपणाऱ्या संस्थांची दाटी आहे. देशभरातील खनिजसाठ्यांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय येथे आहे. युरेनियमसारख्या अणुखनिजांचा शोध घेणाऱ्या अणुखनिज संचालनालयाचे मध्य विभागीय कार्यालयही येथेच आहे. या दोन्ही संस्थांच्या आरंभीच्या इतिहासात एकच नाव येते, दाराशॉ नोशेरवान वाडिया. हिमालयाच्या वळणाचे कोडे उलगडणारा भूवैज्ञानिक म्हणून जगाने त्यांना ओळखले. स्वतंत्र भारताच्या युरेनियमशोधाची पहिली वीस वर्षे त्यांच्या देखरेखीखाली गेली, हे मात्र त्या मानाने थोड्यांच्या ध्यानात आहे.

दाराशॉंचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्याशी या कुटुंबाचे नाते होते. तथापि त्या वैभवाचा वाटा त्यांच्या घरापर्यंत पोहोचला नव्हता. वडील रेल्वेच्या एका लहानशा स्थानकावर स्टेशनमास्तर होते आणि घरात मुलेबाळे पुष्कळ. दाराशॉंचे बालपण सुरतेत आजीजवळ गेले. पुढे कुटुंब बडोद्याला आले आणि त्या शहराने त्यांना घडवले.

बडोद्यात तेव्हा सयाजीराव गायकवाडांचे राज्य होते. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालय, महाविद्यालय अशा संस्थांनी ते संस्थान गजबजू लागले होते. बडोदा कॉलेजात दाराशॉंनी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्र यांचा अभ्यास केला. त्या काळी हिंदुस्थानातील फारच थोड्या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकवण्याची सोय होती. त्यामुळे त्यांचे बरेचसे भूशास्त्र स्वाध्यायाने आणि संग्रहालयातील दगड-खनिजांच्या नमुन्यांवरून आत्मसात झालेले होते. परदेशातील पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पुढे आयुष्यभर त्यांनी पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष खडकावर अधिक विश्वास ठेवला, त्याचे मूळ या शिक्षणात असावे.

१९०७ साली ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि तेथे चौदा वर्षे रमले. कॉलेजच्या दारातच शिवालिकच्या टेकड्या होत्या आणि त्यांच्यामागे पीर पंजालची शुभ्र रांग. सुट्टी लागली की हातोडी व होकायंत्र घेऊन बाहेर पडायचे आणि बरोबर विद्यार्थ्यांना न्यायचे, हा त्यांचा परिपाठ झाला. या भटकंतीत त्यांना स्टेगोडॉन या नामशेष झालेल्या हत्तीसदृश प्राण्याचा प्रचंड सुळा सापडला. विद्यार्थ्यांना शिकवताना आणखी एक उणीव जाणवली. हिंदुस्थानच्या भूरचनेची माहिती सरकारी अहवालांच्या शेकडो खंडांत विखुरलेली होती आणि विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगे सुटसुटीत पुस्तक नव्हते. ती उणीव त्यांनी स्वतःच भरून काढली. १९१९ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने त्यांचे हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या आवृत्त्या पुढे अनेक दशके निघत राहिल्या आणि प्रत्येक आवृत्तीत वाडिया नव्या संशोधनाची भर घालत राहिले. भूशास्त्राच्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या एका पुस्तकावर वाढल्या. नागपूरजवळच्या कामठी गावाच्या नावाने ओळखला जाणारा गोंडवन समूहातील वालुकाश्मांचा थर देशभरातील विद्यार्थ्यांना परिचित झाला, तोही अशाच ग्रंथांतून.

१९२१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत दाखल झाले. या खात्याच्या वरिष्ठ जागा तोवर बहुतांशी युरोपीयांच्या हाती होत्या, आणि युरोपीय विद्यापीठाच्या पदवीवाचून अशा जागेवर येणे हा अपवादच होता. बहुतेक लोक ज्या वयात खुर्चीत स्थिरावतात, त्या वयात वाडियांनी तंबू जवळ केला. पुंछ, हजारा, काश्मीर आणि नंगा पर्वताचा परिसर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. बर्फ वितळले की चढाई करायची आणि पुन्हा बर्फ पडू लागले की खाली उतरून नकाशे पुरे करायचे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

या श्रमांतून त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन सिद्ध झाले. आग्नेयेकडून वायव्येकडे शेकडो मैल धावणारी हिमालयाची रांग काश्मीरच्या पश्चिमेस एकाएकी दक्षिणेकडे वळते. गुडघ्यात पाय मुडपावा तसा हा वाक आहे. या ठिकाणी दोन निरनिराळ्या पर्वतरांगा एकमेकींस भेटतात की एकच रांग वळते, हा प्रश्न होता. वाडियांनी खडकांचे तेच थर वाकाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पायी माग काढत नेले. रांग एकच असून, द्वीपकल्पाच्या प्राचीन गोंडवन भूखंडाची जिभेसारखी पुढे आलेली टोकदार बाजू आड आल्यामुळे ती तिच्याभोवती वळली आहे, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९३४ साली आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १९४३ साली त्यांचा सन्मान केला. १९५७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक होत.

भूवैज्ञानिक नकाशा काढण्याची एक साधी शिस्त असते. दोन खडकांमधली सीमा प्रत्यक्ष पाहिली असेल, तर ती अखंड रेषेने दाखवायची. माती, झाडी किंवा बर्फाखाली ती दडलेली असेल, तर तुटक रेषेने. नकाशा पाहणाऱ्याला कर्त्याने काय पाहिले आणि काय ताडले, हे वेगवेगळे कळले पाहिजे. हिमालयाच्या दुर्गम प्रदेशात, जेथे आपली चूक तपासायला दुसरे कोणी लवकर येण्याचा संभव नाही, तेथे या शिस्तीचे मोल फार मोठे. वाडियांची अर्धी हयात अशा अखंड आणि तुटक रेषा काढण्यात गेली. उतारवयात त्यांच्यावर युरेनियम शोधण्याची कामगिरी आली, तेव्हा कामी आली ती हीच सवय.

१९३८ साली सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाल्यावर ते श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून गेले. योगायोग असा, की त्या बेटाच्या खनिज सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख होते आनंद कुमारस्वामी. पुढे कलामीमांसक म्हणून विख्यात झालेल्या या विद्वानाने तरुणपणी थोरियम आणि युरेनियम असलेले थोरियानाइट हे खनिज १९०४ साली शोधून काढले होते. किरणोत्सारी खनिजांच्या या भूमीत वाडियांनी सहा वर्षे घालवली. १९४४ साली ते परतले आणि हिंदुस्थान सरकारचे खनिजविषयक सल्लागार झाले. १९४२ व १९४३ अशी लागोपाठ दोन वर्षे भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

स्वातंत्र्य आले तेव्हा देशाच्या खनिजसंपत्तीविषयी दोन टोकाची मते प्रचलित होती. हा देश रत्नगर्भा आहे, फक्त खणण्याचाच अवकाश, असे काहींना वाटे. परकीयांनी सारे लुटून नेले, आता काही उरले नाही, असे इतर काहींना. दोन्ही मतांना मोजमापाचा आधार नव्हता. १ मार्च १९४८ रोजी भारतीय खाण ब्युरोची स्थापना झाली आणि तिच्या उभारणीच्या काळात संचालकपदाची धुरा वाडियांवर आली. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. होमी भाभांना अणुभट्ट्या उभारायच्या होत्या, आणि त्यासाठी प्रथम देशात युरेनियम किती आहे हे कळणे आवश्यक होते. २९ जुलै १९४९ रोजी दुर्मिळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी एक छोटे पथक दिल्लीत निर्माण करण्यात आले. त्याचे प्रमुखपद वयाच्या सहासष्टाव्या वर्षी वाडियांनी स्वीकारले. हेच पथक पुढे अणुखनिज विभाग म्हणून आणि १९९८ पासून अणुखनिज संचालनालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

युरेनियमचा शोध हा कोळशाच्या किंवा लोखंडाच्या शोधासारखा नसतो. कोळशाचा थर डोळ्यांना दिसतो. लोहखनिजाचे डोंगरच्या डोंगर उभे असतात. युरेनियम मात्र बहुधा खडकात इतके विरळ विखुरलेले असते, की अनुभवी डोळाही फसतो. त्याचा पत्ता देतो तो किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर. परंतु हे उपकरण भूपृष्ठालगतच्या खडकाविषयीच बोलते. त्याची टिकटिक वाढली म्हणजे खाण सापडली असे नव्हे. खाली साठा असेल, नसेल, किंवा असूनही काढण्याजोगा नसेल. त्या काळी अण्वस्त्रांच्या स्पर्धेमुळे जगभर युरेनियमचा ध्यास लागला होता, आणि अशा वातावरणात टिकटिकीला खाण म्हणण्याचा मोह सहज होतो. सरकारला घोषणा हवी असते आणि वृत्तपत्रांना बातमी.

या मोहाविरुद्ध खाणशास्त्राने फार पूर्वीच एक उपाय काढला होता. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूवर हे मूळचे खाण अभियंते. त्यांनी १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात खनिजाची सिद्ध, संभाव्य आणि आशादायक अशी प्रतवारी मांडली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिकांनी मोजलेला, निर्देशित आणि अनुमानित साठा अशा तीन पायऱ्या ठरवल्या. नावे निराळी असली तरी तत्त्व एकच होते. साठ्याचा आकडा सांगताना त्यावर किती विश्वास ठेवायचा, तेही सांगितले पाहिजे. दहा हजार टन एवढेच म्हणणे अपुरे असते. मोजलेले दहा हजार आणि अनुमानलेले दहा हजार यांची एकत्र बेरीज करणे तर अप्रामाणिकच.

वाडियांच्या पथकाचे जे यश सर्वांत मोठे, ते या पायऱ्यांनीच समजून घेता येते. तेव्हाच्या बिहारमधील, आजच्या झारखंडमधील सिंहभूमचा पट्टा तांब्यासाठी प्रसिद्ध होता. त्या पट्ट्यात युरेनियमची खनिजे आढळल्याच्या नोंदीही जुन्या होत्या. १९५१ साली या पट्ट्यातील जादूगुडा येथे युरेनियमचा महत्त्वाचा आढळ झाला. त्या दिवशी हाती होता तो केवळ एक संकेत. मग पृष्ठभागाचा बारकाईने नकाशा काढणे आले, चर खणणे आले. त्यानंतर छिद्रणयंत्रे लागली. जमिनीतून खडकाचे लांबलचक दंडगोल वर येऊ लागले आणि त्यांच्या परीक्षणातून खनिजाची पट्टी किती लांब, किती जाड, किती खोल आणि किती सकस हे हळूहळू उलगडू लागले. प्रत्येक नव्या छिद्राबरोबर नकाशावरची एकेक तुटक रेषा अखंड होत गेली.

परंतु खनिज आहे हे ठरले म्हणजे खाण झाली असे होत नाही. जादूगुड्याच्या एक टन धातुकात युरेनियम एक किलोही भरत नाही. इतक्या विरळ खडकातून ते परवडेल अशा रीतीने वेगळे करता येईल का, हा प्रश्न भूवैज्ञानिकाचा नसून रसायनतज्ज्ञाचा होता. त्यासाठी भूमिगत शोधखाणकाम करून धातुक बाहेर काढावे लागले आणि त्यावर तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत प्रक्रिया आखावी लागली. हे सारे जुळून आल्यावर ४ ऑक्टोबर १९६७ रोजी युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि १९६८ साली जादूगुड्याचा प्रक्रिया कारखाना चालू झाला. पहिल्या आढळापासून कारखान्यापर्यंत सतरा वर्षे लोटली होती. भाभा हा दिवस पाहायला राहिले नव्हते. वाडियांनी तो वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी पाहिला.

सतरा वर्षे हा विलंब वाटतो. वस्तुतः तो त्या प्रकल्पाच्या वयात येण्याचा काळ होता. अनुमानापासून निर्देशाकडे, निर्देशापासून सिद्धतेकडे आणि तेथून व्यवहार्यतेकडे अशी प्रत्येक पायरी चढल्यावरच पुढच्या खर्चाला मंजुरी द्यायची, हा त्यातला विवेक. छिद्रणाआधी कारखाना बांधला असता, तर कदाचित चार वर्षे वाचली असती. कदाचित कारखाना रिकामाही राहिला असता. गरीब आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला ही जुगारी चैन परवडणारी नव्हती.

साठ्याच्या या खऱ्या हिशेबाने देशाच्या धोरणालाही दिशा दिली. भारतात युरेनियम बेताचे, परंतु केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल, हे चित्र स्पष्ट होते. भाभांनी १९५४ साली अणुऊर्जेचा जो त्रिस्तरीय कार्यक्रम मांडला, त्याचा पाया हाच होता. आधी नैसर्गिक युरेनियम, मग त्यातून मिळणारे प्लुटोनियम आणि अखेरीस थोरियम, असा हा क्रम. आपल्याकडे युरेनियम भरपूर आहे अशी फुशारकी कोणी मारली असती आणि ती खरी मानली गेली असती, तर कदाचित देशाने हा मार्ग आखलाच नसता. १९५५ साली जिनिव्हा येथे भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी जागतिक परिषद झाली. भारतातील युरेनियम व थोरियमच्या आढळांचा वृत्तान्त तेथे वाडियांच्या नावाने सादर झाला.

उतारवयात त्यांच्यावर सन्मानांचा वर्षाव झाला. १९५८ साली पद्मभूषण आणि १९६३ साली राष्ट्रीय प्राध्यापकपद त्यांना लाभले. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद दिल्लीत भरली, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या वाडियांनी तिचे अध्यक्षपद भूषवले. ज्या हिमालयाने त्यांना कीर्ती दिली, त्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था असावी हा त्यांचा ध्यास १९६८ साली फळाला आला. ती संस्था दिल्लीत सुरू झाली, १९७६ साली डेहराडूनला गेली आणि आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अणुखनिजांच्या कामाशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत टिकून होता. १५ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली होती. तिचे इंधन मात्र परदेशातून आले होते.

वाडियांच्या मागे प्रतवारीचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. १९६५ पासून युरेनियमच्या जागतिक साठ्यांचा अहवाल नियमाने प्रसिद्ध होऊ लागला. लाल पुस्तक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अहवालात प्रत्येक देशाचे युरेनियम दोन अंगांनी मांडले जाते. ते असल्याची खात्री किती आणि ते काढायला प्रतिकिलो खर्च किती. त्यामुळे बाजारभाव कोसळला, की जमिनीतला एक कणही न हलता हजारो टन युरेनियम किफायतशीर स्तंभातून बाहेर पडते. सत्तरच्या दशकात अमेरिकेचे भूवैज्ञानिक व्हिन्सेंट मॅकेल्व्ही यांनी हीच दोन अंगे एका चौकटीत बसवली. मॅकेल्व्ही हेही पन्नाशीच्या दशकात युरेनियमशोधात गुंतलेले होते.

१९९७ साली संयुक्त राष्ट्रांनी तिसरे अंग जोडले. या पद्धतीत प्रत्येक साठ्याला तीन आकडे मिळतात. पहिला आकडा आर्थिक व्यवहार्यतेचा, दुसरा तांत्रिक तयारीचा आणि तिसरा भूवैज्ञानिक खात्रीचा. भारताने स्वीकारलेल्या मांडणीत नुकत्या कुठे संकेत मिळालेल्या जागेचा क्रमांक ३३४ असतो. शोध वाढत गेला की तो ३३३, ३३२, ३३१ असा उतरतो. व्यवहार्यतेचा अभ्यास पुरा झाला, की पुढचे आकडेही घटू लागतात आणि सर्व कसोट्यांना उतरलेला साठा १११ म्हणून नोंदला जातो. प्रकल्प किती वयात आला, हे अशा रीतीने तीन आकड्यांत वाचता येते. आकडे उलटही फिरू शकतात, आणि ते फिरले तर मान्य करावे लागते. या शतकाच्या आरंभापासून देशाची राष्ट्रीय खनिज नोंद या पद्धतीने ठेवली जाऊ लागली आणि ती ठेवणारा खाण ब्युरो नागपूरचाच. २०१५ च्या खनिज नियमांनी याच प्रतवारीला कायद्याचे बळ दिले.

देशातील युरेनियमचे प्रकल्प या तीन आकड्यांच्या प्रकाशात पाहिले, की त्यांच्या कहाण्या उमगतात. आंध्रातील तुम्मलपल्लेचा साठा विस्ताराने मोठा, पण अत्यंत विरळ आणि चुनखडीसदृश खडकात अडकलेला. आम्लाची नेहमीची प्रक्रिया तेथे चालत नसल्याने त्याचा मधला आकडा वर्षानुवर्षे अडून राहिला. अल्कलीची प्रक्रिया साधल्यावरच २०१२ मध्ये तेथील कारखाना सुरू झाला. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडातील बोदल येथे शोधखाणकामापर्यंत मजल गेली, तरी पूर्ण खाण काही उभी राहिली नाही. मेघालयातील डोमियासियातची कहाणी याहून वेगळी. तेथील साठा १९८०च्या दशकात सापडला आणि तो चांगला सकस निघाला. भूवैज्ञानिक खात्री झाली, प्रक्रियाही आखता आली. परंतु आपल्या जमिनीचे आणि आरोग्याचे काय होईल, या प्रश्नावर खासी समाजातून प्रखर विरोध उभा राहिला आणि खाणकाम सुरू होऊ शकले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाच्या नव्या आवृत्त्यांनी पहिल्या आकड्यात पर्यावरण आणि समाज यांचाही स्पष्ट समावेश केला आहे, तो असल्याच अनुभवांतून.

येथे वाडियांच्या पिढीची एक मर्यादाही मान्य करावी लागते. खडकाविषयी ते जितके सावध होते, तितका विचार खडकावर राहणाऱ्या माणसांविषयी त्या काळच्या योजनांत झाला नाही. जादूगुड्याच्या परिसरातील आदिवासी वस्त्यांनी विस्थापनाचे, गाळाच्या तलावांचे आणि आजारांचे प्रश्न नव्वदच्या दशकात मोठ्याने विचारले. आजारांचा किरणोत्साराशी संबंध अधिकाऱ्यांनी अमान्य केला. वाद मिटला नाही. राष्ट्रउभारणीच्या उत्साहात असा प्रश्न विचारण्याची रीत तेव्हा कोणत्याच खात्यात नव्हती. साठा, तंत्र आणि खर्च एवढ्यावर तो हिशेब थांबत असे. माणसाचा रकाना त्यात उशिरा आला.

कोराडीला हा रकाना अपरिचित नाही. राख, पाणी आणि हवा यांचे प्रश्न धुराड्यांच्या सावलीत राहणाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाहीत. वीज हवी तर कोळसा हवा, कोळसा सोडायचा तर युरेनियम हवे, असा युक्तिवाद आज पुन्हा ऐकू येतो आणि अणुऊर्जेच्या मोठमोठ्या योजना मांडल्या जातात. अशा प्रत्येक योजनेमागे जमिनीतल्या टनांचा एक आकडा उभा असतो. तो आकडा ऐकल्यावर नागरिकाने विचारायचे प्रश्न सोपे आहेत. हे मोजलेले आहे की अनुमानलेले? काढण्याचे तंत्र हाती आहे की आशेवर? आणि ज्यांच्या अंगणातून ते काढायचे, त्यांना विचारले आहे काय?

यांतले पहिले दोन प्रश्न दाराशॉ वाडिया यांनी आयुष्यभर विचारले. स्टेशनमास्तरांचा हा मुलगा परदेशी पदवीवाचून हिमालय चढला आणि बहुतेक जण निवृत्त होतात त्या वयात युरेनियमच्या मागावर निघाला. पाहिलेले आणि ताडलेले यांची सरमिसळ मात्र त्याने होऊ दिली नाही. नागपूरच्या कार्यालयांतून आजही साठ्यांचे तीन आकडी क्रमांक लिहिले जातात आणि पुसून पुन्हा लिहिले जातात. त्या प्रत्येक क्रमांकात वाडियांच्या नकाशावरची अखंड आणि तुटक रेषा सामावलेली आहे.